मंत्रालय आलं नाही, कांदा आला: वाशी ते दिवाळे, एक खाद्यफेरी

(या भागाचं हे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोली शक्यतो तशीच ठेवली आहे.)



नवी मुंबईत खायला काय चांगलं मिळतं, असं कुणालाही विचारा. ठरलेलं उत्तर येतं: 'सगळं मिळतं हो, पण इथलं असं काही नाही.' कोल्हापूरला तांबडा-पांढरा आहे, नागपूरला सावजी आहे, मालवणला मालवणी आहे. नवी मुंबईला काय, तर मॉलमधलं फूड कोर्ट. शहराचं वयच जेमतेम पंचावन्न, त्याला कुठला आलाय खाण्याचा इतिहास?

मीही बरीच वर्षं हेच म्हणत होतो. मग एका शनिवारी ठरवलं की हे शहर एक दिवस पायी फिरून बघायचं, आणि फक्त खाण्याच्या मागे जायचं. पहाटे वाशीच्या बाजारात सुरुवात, संध्याकाळी दिवाळ्याच्या जेट्टीवर शेवट, मध्ये एवढासा लोकलचा टप्पा. त्या दिवसाच्या शेवटी मला माझं जुनं मत बदलावं लागलं. हे शहर उभं राहण्यात कचेऱ्यांपेक्षा खाण्याचा हात मोठा आहे. आणि ते ज्यांच्या शेतांवर उभं राहिलं त्यांच्या ताटातून काय काय गेलं, हेही याच रस्त्यावर दिसतं.

चला तर मग.

पहाटे पाच: बाजार

वाशीचं एपीएमसी मार्केट पहाटे बघावं. घाऊक भाजीचा व्यवहार रात्रीच सुरू झालेला असतो. नाशिक, पुणे, सातारा या बाजूंनी आलेले ट्रक रिकामे होत असतात, हातगाड्या धावत असतात, आणि मध्ये उभं राहिलात तर 'ओ, बाजूला!' अशी आरोळी येते. बाजारात पहिला नियम हाच: आपण कामाच्या वाटेत यायचं नाही. फाटकाजवळ चहाची गाडी असते. तिथे उभं राहा, कटिंग घ्या आणि बघत राहा.

हा बाजार इथे का आला, ही मोठी मजेशीर गोष्ट आहे.

१९६५ मध्ये 'मार्ग' या मासिकात तीन जणांनी एक कल्पना मांडली. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता, आणि अभियंता शिरीष पटेल. त्यांचं म्हणणं असं की मुंबई दक्षिणोत्तर लांबत चालली आहे. सगळी कामं दक्षिण टोकाला, आणि माणसं रोज उत्तरेकडून तिकडे लोटतात. मग खाडीपलीकडे, मुख्य भूमीवर, नवं शहर वसवा. त्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांची जमीन या प्रकल्पाखाली आली. सगळं क्षेत्र मिळून सुमारे ३४४ चौरस किलोमीटर.

आता नवं शहर नुसत्या इमारतींनी वसत नाही. तिथे काम लागतं. कल्पना मांडणाऱ्यांना वाटत होतं की राज्य सरकारनेच इकडे यावं. मंत्रालय आलं की मागोमाग कचेऱ्या येतील, कचेऱ्यांमागे माणसं येतील. झालं उलटंच. सरकार दक्षिण मुंबईतच राहिलं, आणि नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून तिथेच उंच इमारती उभ्या राहिल्या. बेलापूरला कोकण भवन आलं, पुढे आणखी कार्यालयं आली, पण मंत्रालय काही आलं नाही.

आला तो कांदा. मशीद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट या भागात घाऊक बाजारांची दाटी झाली होती. गल्ल्या अरुंद, ट्रक मोठे. हे बाजार खाडीपलीकडे न्यायचं ठरलं. आधी कांदा-बटाटा आला, मग धान्य आणि मसाला आला, आणि १९९६ मध्ये भाजी आणि फळं आली. व्यापाऱ्यांनी सहजासहजी जागा सोडली नाही, म्हणून या स्थलांतराला दीडेक दशक लागलं. पण एकदा बाजार आला आणि मुंबईची चूल वाशीवर अवलंबून झाली. आज दादरच्या घरात जी मेथीची जुडी निवडली जाते, ती बहुतेक वेळा आदल्या रात्री इथूनच गेलेली असते. मार्च ते मे या काळात फळबाजारात गेलात तर हापूसच्या पेट्यांनी गाळे भरलेले दिसतात, आणि वास तर रस्त्यापर्यंत येतो.

माथाडीचा नाश्ता

बाजाराबरोबर बाजार उचलणारी माणसं आली. माथाडी म्हणजे माथ्यावर ओझं वाहणारा. ही मंडळी मुख्यतः सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांतली, घाटावरची. त्यांना अण्णासाहेब पाटलांनी संघटित केलं आणि त्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. आधी ओझ्यामागे जे हातावर पडेल ते घ्यायचं, अशी गत होती. कायद्यानंतर मंडळाकडे नोंदणी झाली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, भविष्य निर्वाह निधी आला. अंगमेहनतीच्या असंघटित कामगारांसाठी असा कायदा होणं ही त्या काळात फार मोठी गोष्ट होती.

बाजार वाशीला आला तसे माथाडीही खाडी ओलांडून आले. कोपरखैरणे, घणसोली भागात त्यांच्या वसाहती झाल्या. म्हणून कोपरखैरण्यात फिरताना सातारी बोली कानावर पडते, आणि नाश्त्याला झणझणीत रस्सा, झुणका-भाकरी, मिरचीचा खर्डा सहज मिळतो. इथली भाकरी ज्वारीची किंवा बाजरीची. हे लक्षात ठेवा, कारण दोन तासांनी आपण दुसऱ्या भाकरीकडे जाणार आहोत.

आणखी एक धागा इथेच जोडतो. गिरणगावात हजारो कामगार खाणावळींत जेवत. त्या खाणावळी चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. या मंडळाने पुढे वाशीतही आपलं केंद्र उभारलं. गिरण्या थंडावत गेल्या त्याच वर्षांत हा नवा बाजार भरत गेला. म्हणजे कामगारांना जेवू घालणाऱ्या हातांचा प्रवासही परळ-लालबागकडून खाडीच्या या बाजूला झालेला दिसतो.

सकाळी नऊ: वाशी गाव

आता महामार्ग ओलांडून दक्षिणेला या. रेल्वे स्टेशनच्या पलीकडे, खाडीपुलाच्या पायथ्याशी वाशी गाव आहे. बाहेरून आलेल्याला वाटतं, वाशी म्हणजे सेक्टर. पण सेक्टरांना ज्या गावाचं नाव मिळालं ते हे. इथे रस्ते सरळ नाहीत, घरं एकमेकांना खेटून, मध्येच देऊळ, आणि पुढे होड्या.

सिडकोने जमिनी घेतल्या त्या शेतांच्या आणि मिठागरांच्या. गावठाणं जागेवर राहिली. म्हणून नवी मुंबईच्या नकाशात चौकोनी सेक्टरांच्या मध्ये ही वेडीवाकडी गावं दिसतात: वाशी, जुहू, सानपाडा, तुर्भे, सारसोळे, करावे, शहाबाज, दिवाळे. शहर गावाला वळसा घालून गेलं.

इथले मूळ लोक मुख्यतः आगरी आणि कोळी. आगरी हे नाव आगर या शब्दावरून आलं असं मानतात. आगर म्हणजे मिठागर किंवा बागायत. खाडीचं पाणी अडवायचं, उन्हात आटवायचं आणि मीठ काढायचं, हा इथला जुना धंदा. घणसोली गाव तर १९३० च्या मीठ सत्याग्रहातल्या सहभागासाठी ओळखलं जातं. दुसरा धंदा खारजमिनीतली भातशेती. खाडीच्या बाजूला मातीचा बांध, त्यात पाणी सोडण्या-अडवण्यासाठी उघाडी, आणि आत पावसाच्या पाण्यावर एक पीक. बांध फुटला की खारं पाणी आत आणि पीक गेलं. म्हणून बांधाची राखण हे सगळ्या गावाचं काम असे.

या जमिनीतून जे ताट तयार झालं ते असं. तांदळाची भाकरी, पांढरीशुभ्र, पाण्याच्या हाताने थापलेली. सोबत जवळ्याचं किंवा सुकटीचं कालवण. खाडीतली चिंबोरी, कोळंबी, बोय, शिंगाळी, चिखलात उड्या मारणारे निवटे, खडकाला चिकटलेली कालवं. भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल. आणि थंडीत पोपटी: मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वरून पुन्हा पाला. मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. पाल्याच्या ओलाव्यावरच सगळं शिजतं.

आता हे ताट जरा नीट बघा. तांदूळ शेतातला, मीठ आगरातलं, मासळी खाडीतली, वाल बांधावरचा. विकत काय आणायचं? मिरची-मसाला, तेल आणि थोडंफार किरकोळ. शेत गेलं तर या ताटातली एक वस्तू जात नाही, एकदम तीन जातात.

गावात एका घरगुती खाणावळीत बसलो होतो. भाकऱ्या थापणाऱ्या मावशींना विचारलं, तांदूळ कुठला? त्या हसल्या. म्हणाल्या, 'मार्केटचा. आमचं शेत होतं तिथे आता बिल्डिंग आहे.' आवाजात तक्रार नव्हती. दुकानाचा पत्ता सांगावा तसं सांगितलं.

दुपारी बारा: राज्याराज्यांची भवनं

वाशी गावातून स्टेशनकडे परत आलात की सेक्टर ३० अ लागतो. मॉल, हॉटेलं, आणि त्यांच्या आसपास वेगवेगळ्या राज्यांची भवनं: केरळ हाऊस, आसाम भवन, ओडिशा भवन, उत्तर प्रदेश भवन. सिडकोने इतर राज्यांना भूखंड दिले, त्यातून ही रांग तयार झाली. उपचारासाठी, परीक्षेसाठी, सरकारी कामासाठी मुंबईत येणाऱ्या आपल्या माणसांची सोय व्हावी, हा हेतू. आता माणूस उतरला की त्याला घरचं जेवण लागणारच. म्हणून उपाहारगृहं आली, आणि मग शहरातल्या बाकीच्यांनाही त्यांचा पत्ता लागला.

९ मे १९९२ ला मानखुर्द-वाशी रेल्वे सुरू झाली आणि या शहराचं दार खऱ्या अर्थाने उघडलं. त्याच वर्षी नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभारही सुरू झाला. २०११ च्या जनगणनेत पालिका क्षेत्रात ११ लाखांवर लोक होते. त्यात मल्याळी, तमिळ, पंजाबी, बंगाली, उत्तर भारतीय, सगळे आले. नेरूळ-वाशीच्या दुकानांत केळीची पानं आणि टॅपिओका काही नवलाईचे राहिले नाहीत.

इथे जेवताना मला एक गंमत सापडली. आसामी जेवणात 'खार' नावाचा पदार्थ असतो. केळीची सालं जाळून त्या राखेचं पाणी गाळून घेतात आणि त्यात भाजी किंवा डाळ शिजवतात. हा खार आणि आपल्या खारजमिनीतला खार, दोन्ही शब्द संस्कृत 'क्षार'मधून आलेले. केरळी माशाच्या कालवणात आंबटपणाला कुडमपुळी घालतात, कोकणात आमसूल. ही दोन्ही झाडं एकाच कुळातली. दोन हजार किलोमीटरवरून आलेल्या माणसाचं ताट आणि इथल्या मूळ माणसाचं ताट, दोन्हींत भात, मासा आणि आंबट. फक्त एकाच्या नावाने भवन आहे, आणि दुसऱ्याला आपलं ताट आपणच टिकवायचं आहे.

दुपारी चार: दिवाळे

वाशीहून लोकल पकडा, सीबीडी बेलापूरला उतरा. पाम बीच रस्त्याने चालत यायचं असेल तरी येता येतं, पण तो रस्ता गाड्यांसाठी आहे, पायांसाठी नाही. नव्या मुंबईची एक विसंगती इथे सांगायलाच हवी. आराखड्यात शाळा, बाजार, बाग चालत जाण्याच्या अंतरावर ठेवलेलं आहे, आणि सेक्टरच्या आत ते पुष्कळसं जमलंही आहे. पण एका नोडमधून दुसऱ्यात पायी जायचं म्हटलं की मध्ये महामार्ग, नाले आणि कुंपणं येतात. गावांना जोडणाऱ्या जुन्या पायवाटा शेतांच्या बांधांवरून जात. शेतं गेली, तशा वाटाही गेल्या.

बेलापूरचा किल्ला इथून जवळच आहे. खाडीच्या तोंडावर नजर ठेवायला बांधलेला हा किल्ला सिद्दी, पोर्तुगीज, मराठे आणि १८१७ मध्ये इंग्रज अशा हातांतून गेला. आता थोडेच अवशेष उरलेत. त्याच्या पुढे दिवाळे गाव. इथला मासळी बाजार आणि जेट्टी हे या फेरीचं शेवटचं ठिकाण.

इथे मासे घेताना घाई करू नका. ताईंना विचारा, कुठला मासा आहे? खाडीचा की बाहेरचा? त्या खरं सांगतात. आणि बऱ्याचदा उत्तर 'बाहेरचा' असं येतं. ठाणे-बेलापूर रस्त्यावर १९६० च्या दशकापासून रसायनांचे कारखाने आले, खाडीत सांडपाणी आलं, भराव पडले, पुलांचे खांब आले. खाडी उथळ झाली, मासळी कमी झाली. याच चिखलात शेवाळ वाढलं आणि रोहित पक्षी आले. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ती रामसर यादीत गेली. फ्लेमिंगो हवेतच. पण खाडीकडे कॅमेरा घेऊन येणारी माणसं वाढली आणि जाळं घेऊन जाणारी कमी झाली, हेही तितकंच खरं.

जेट्टीवर उभं राहिलं की पलीकडचा किनारा दिसतो. तिकडे उलवे, त्यामागे जासई, आणि आणखी पुढे उरण. आपला विषय खाण्याबरोबर पिण्याचाही आहे, म्हणून उरणचं सांगतो. एकोणिसाव्या शतकात मोहाच्या दारूच्या भट्ट्यांसाठी उरण प्रसिद्ध होतं. ती दारू मुंबईला जाई. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला आणि ताडीच्या झाडांवरचा कर वाढत गेला. १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं गोळा करण्यावर आणि बाळगण्यावर बंधनं घातली. म्हणजे गावातल्या माणसाने आपल्याच झाडाचं काढलेलं पेय गुन्हा ठरलं, आणि परवान्याच्या भट्टीची दारू कायदेशीर झाली. इथल्या माणसाचं ताट-पेला सरकारी कागदाने बदलण्याची ती पहिली वेळ नसेल. शेवटची तर नव्हतीच.

जासई हे दि. बा. पाटलांचं गाव. शेतकरी कामगार पक्षाचे नेते, आमदार, खासदार. सिडकोच्या भूसंपादनात योग्य मोबदला मिळावा म्हणून त्यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला या भागात पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच आंदोलक हुतात्मा झाले. याच लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली: संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत. देशात भूसंपादनाच्या चर्चेत ही योजना आजही उदाहरण म्हणून घेतात.

अनेकांनी त्या भूखंडांवर इमारती उभ्या केल्या, अनेकांनी ते विकले. काहींनी तळमजल्यावर हॉटेल काढलं. आज 'आगरी-कोळी थाळी' अशी पाटी नव्या मुंबईत जागोजागी दिसते, त्यामागे हाही इतिहास आहे. शेतात पिकणारं जेवण आता त्या शेतावरच्या गाळ्यात शिजतं. आणि त्याला लागणारा तांदूळ, आपण पहाटे ज्या बाजारात उभे होतो, त्याच बाजारातून येतो.

जेट्टीवरून दिसणाऱ्या त्या बाजूलाच आता विमानतळ झाला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं. त्यासाठी दहा गावं उठली. तिथल्या घरांत कुणी पोपटीची जागा ठरवून ठेवली असेल, कुणाच्या तळ्यात जिताडा वाढत असेल. त्याची नोंद मात्र कुठल्याच सातबाऱ्यावर नसते.

फिरायला जाणाऱ्यांसाठी

तुम्ही ही फेरी करणार असाल तर दोन-चार गोष्टी. बाजार पहाटे, गाव सकाळी, भवनं दुपारी, दिवाळे उतरत्या उन्हात, हा क्रम ठेवा. बाजाराच्या सुट्टीचा दिवस आधी विचारून घ्या. जेवण एकाच ठिकाणी पोटभर नको, दिवसभर थोडं थोडं. एक ज्वारीची भाकरी आणि एक तांदळाची भाकरी, दोन्ही त्याच दिवशी खा, म्हणजे शहरात कोण आधी होतं आणि कोण नंतर आलं हे जिभेला कळेल. गावात फोटो काढण्याआधी विचारा. मासळीवाल्या ताईंशी भाव करा, पण कापून-साफ करून देण्याच्या पैशांवर घासाघीस करू नका.

आणि जेवताना कुणी म्हणालंच, नव्या मुंबईत 'इथलं' काही मिळत नाही, तर त्याला वाशी गावात घेऊन जा. भाकरी ताटात पडली की विचारा, हा तांदूळ कुठला? मावशी सांगतील.

पुढच्या भागात पनवेलच्या जुन्या बाजारपेठेत जाऊ. तोपर्यंत तुमच्या गावठाणातली एखादी चव, एखादा पदार्थ आठवत असेल तर नक्की कळवा. घरातल्या आजीला विचारून कळवलंत तर फारच बरं. भेटू.